मदत हवी आहे: ६२ पिकअपवाल्यांचा अपघात फंड, याला पण विमा कंपनीचं लायसन लागतं का?

नमस्कार मंडळी, इथे कोणी इन्शुरन्समधे काम करणारं किंवा वकील असेल तर प्लीज पूर्ण वाचा, लांबलंय पण आमच्यासाठी विषय फार महत्त्वाचा आहे.

आम्ही नारायणगावचे पिकअपवाले. टोमॅटोचे क्रेट भरून रात्री निघायचं, आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण करत पहाटे वाशी मार्केट गाठायचं. बऱ्याच जणांच्या गाड्या दहा-बारा वर्षं जुन्या, थर्ड पार्टी सगळ्यांची आहे पण फर्स्ट पार्टी कोणी काढत नाही, कारण हप्ता जास्त आणि जुन्या गाडीला क्लेममधे घसारा कापून हातात काय उरतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण घाटात दगड येऊन काच फुटली की गाडी आठवडाभर उभी, आणि सीझनमधे आठवडा उभी म्हणजे त्या घराचं वर्षाचं गणितच बिघडतं. म्हणून मागच्या दिवाळी पाडव्याला आम्ही ६२ जणांनी ठरवलं, दर महिन्याला प्रत्येकी ३०० रुपये, आणि ज्याच्या गाडीला अपघात होईल त्याला फंडातून ८० हजारांपर्यंत खर्च द्यायचा. हिशेब मी लिहितो.

एकाने हौसेने कार्ड छापून आणली. कार्डावर निळ्या अक्षरात "अपघात विमा कवच", खाली "मासिक हप्ता ३००, हमी ८०,००० पर्यंत", आणि माझी सही. तेव्हा कोणाला काही खटकलं नाही.

जूनअखेर खात्यात सव्वा लाख होते. जुलैत एकाच रात्री दोन गाड्या गेल्या, एकीवर घाटात दरड आली, केबिन चेपली, दुसरी चुकवायला गेली ती पलटी. माणसं वाचली हे देवाचे उपकार. पण दोघांचा खर्च ८० च्या वर, म्हणजे आम्हाला १ लाख ६० हजार द्यायचे आणि जवळ सव्वा लाख. वरचे ३५ हजार आम्ही पाच जणांनी खिशातून घातले. त्या रात्री मला झोप नाही लागली, कारण तिसरी गाडी गेली असती तर मी त्या माणसाला काय सांगणार होतो, कार्डावर सही माझी आहे.

नंतर एका सभासदाचा भाचा आला, लॉ करतोय, त्याने कार्ड बघून सरळ सांगितलं मामा हे बंद करा. मग मी स्वतः वाचायला बसलो. १९३८ चा विमा कायदा, कलम ३, नोंदणी केल्याशिवाय विम्याचा धंदा करता येत नाही. कलम ६, जनरल इन्शुरन्स कंपनीचं भांडवल कमीत कमी १०० कोटी. सहकारी सोसायटी काढली तरी १०० कोटीच. वर आयआरडीएआयकडे (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) आर-१, आर-२ असे टप्प्याटप्प्याने अर्ज, आणि कायम दीडपट सॉल्व्हन्सी, म्हणजे क्लेम भागवायची ऐपत, राखायची. कलम १०३ मधे विनानोंदणी धंद्याला २५ कोटींपर्यंत दंड आणि १० वर्षांपर्यंत कैद वाचलं तेव्हा हातपाय गार पडले. पण खरं सांगतो, सॉल्व्हन्सी म्हणजे काय हे मला वाचून नाही, जुलैच्या त्या रात्रीमुळे कळलं. नियम उगाच नाहीयेत. फक्त १०० कोटी आणि आमचे महिन्याचे १८,६०० यात मधे काहीच नाही का? २०२० मधे मायक्रो इन्शुरन्सवरच्या (गरिबांसाठीचा छोट्या रकमेचा विमा) समितीने भांडवल २० कोटीवर आणा अशी शिफारस केली होती म्हणे, पण २० कोटी पण आमच्यासाठी चंद्रावरच.

तर प्रश्न असा की ६२ ओळखीच्या माणसांत, नफा न घेता केलं तरी हा "विम्याचा धंदा" होतो का? कार्डावरचा विमा शब्द काढून "मदतनिधी" लिहिलं तर चालेल का? आणि आता ओतूरकडचे ४० गाडीवाले पण आम्हाला घ्या म्हणून मागे लागलेत, त्यांना काय सांगू?

प्रतिसाद:
दादा, मी वीस वर्षं सर्व्हेअर आहे, मोटारचे क्लेम बघतो. शब्द बदलून काही होत नाही, कागद काय वचन देतो ते बघतात. ठरलेला हप्ता, ठरलेली घटना, ठरलेली रक्कम आणि ती मागायचा हक्क, हे सगळं असेल तर तो विमाच, नफा असो नसो. मदत मात्र वेगळी, जमेल तेवढी, कमिटी त्या त्या वेळी ठरवणार, कोणाचा हक्क नाही, अशी. पण ती संस्था रीतसर नोंदवून घ्या आणि नियमावली वकिलाला दाखवूनच छापा. कार्डं आजच परत गोळा करा आणि ते ४० अजिबात घेऊ नका.

दुसरं, फंड आहे म्हणून कोणी थर्ड पार्टी सोडत नाही ना ते बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम १४६, ती पॉलिसी अधिकृत कंपनीचीच लागते. तिच्यासोबत मालक-चालकाला १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो तुमच्या किती जणांनी घेतलाय ते तपासा, मी कितीतरी घरं बघितलीत जिथे तो नव्हता. ड्रायव्हरांसाठी नोंदणी असलेल्या कंपनीकडून ग्रुप अपघात पॉलिसी मिळते, तुमची संघटना मुळात धंद्यासाठी आहे, विम्यासाठी जमवलेली नाही, त्यामुळे विचारायला हरकत नाही. पॉलिसीवर कंपनीचा नोंदणी क्रमांक असतो, तो आयआरडीएआयच्या साइटवरच्या यादीशी जुळवून घ्या. एजंटचा किंवा ब्रोकरचा नंबर वेगळा, तो कंपनीचा समजू नका.

धागाकर्ता:
खूप आभार साहेब. काल गाळ्यावर बसून ४१ कार्डं परत घेतली, बाकीचे वाशीला गेलेत, परवापर्यंत येतील. ओतूरवाल्यांना फोन करून नाही सांगितलं. १५ लाखवालं तपासायला घेतलंय, पहिल्या बारा पॉलिसीत चौघांचा नाहीये, आणि त्यातला एक माझा सख्खा भाऊ आहे. एकच विचारतो, या महिन्याचे ३०० काही जणांनी आधीच दिलेत, ते पावती घेऊन परत करू की नवीन नियमावली होईपर्यंत खात्यात राहू देऊ?