शेतातल्या फोटोत मोबाईलच्या स्क्रीनवर स्क्रीनशॉट बसवला त स्टिकर मारल्यावानी दिसते, खरा कसा दिसंल?

सेतूवाला_पांढरकवडा
राम राम मंडळी. गावातल्या लोकाईसाठी ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची नोंद) कशी भराची याचा ६ बाय ४ चा फ्लेक्स बनवून रायलो. फोटो झ्याक भेटला, पराटीच्या वावरात काका उभे, हातात मोबाईल, भर दुपारचं ऊन. त्या मोबाईलवर अ‍ॅपचा स्क्रीनशॉट बसवाचा हाये. गिंपमधी (फोटो सुधाराचं फुकट सॉफ्टवेअर) पर्स्पेक्टिव्ह टूलनं चारही कोपरे जुळवले, पण पाहिलं त वरून चिटकवलेलं लगेच समजते. चालू स्क्रीनचाच फोटो काढाव म्हटलं त उन्हात काईच दिसत नाई अन सावलीत रंगीत लाटा येतात. फोटोशॉप नाई आपल्याकडं.

फ्लेक्सवाला_अमरावती
फोटोशॉप नसलं तरी काई अडत नाई भाऊ. त्या लाटांले मोआरे म्हणतात, स्क्रीनच्या बारीक ठिपक्यांची जाळी अन कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकीवर आली का होते, कॅमेरा थोडा तिरपा केला का मांगंपुढं सरकवला त कमी होते. पण तुमी स्क्रीनशॉटच बसवा. तुमचा खरा लोचा उजेडाचा हाये. स्क्रीनशॉटमधला पांढरा पूरा २५५ वर असते अन काळा ० वर, भर उन्हात मोबाईलची स्क्रीन एवढी लख्ख कधी दिसते काय? काकाच्या सदऱ्यापेक्षा स्क्रीन जास्त पांढरी दिसून रायली असंल त समजा तिथंच गडबड हाये. कलर्समधी लेव्हल्स उघडा, खालच्या आउटपुटवाल्या पट्टीत पांढरा २०० च्या आसपास आणा अन काळा ३० पर्यंत वर उचला. मंग गॉशियन ब्लर एक पिक्सेलच्या आतबाहेर, कोपरे गोल कापा. नॉइज म्हंजे फोटोतले बारीक दाणे टाकाच्या भानगडीत पडू नका, फ्लेक्स लोक दहा फुटावरून पाहतात, कोणाले दिसते तो.

वर्धेची_ताई
काळा उचलाचा त बरोबर पण लेव्हल्सनं सगळीकडं सारखाच उचलल्या जाते, अन काचेवर तसं नसते, एका कोपऱ्यात आभाळ चमकते, एकीकडं हाताची सावली. त्यापेक्षा काकाले परत त्याच जागी उभं करा अन मोबाईलची स्क्रीन बंद ठेवून फोटो काढा. बंद काचेत जे काई दिसते ना, आभाळ, टोपी, बोटाचे डाग, तेच तुमाले पायजे. स्क्रीनशॉट त्या फोटोवर बसवा, मंग फोटोतला तेवढाच काचेचा भाग कॉपी करून सगळ्यात वरच्या लेयरवर ठेवा अन त्या लेयरचा मोड 'स्क्रीन' निवडा. खऱ्या काचेत बी आतला उजेड अन बाहेरची चमक एकमेकीत मिळतातच, म्हणून डोळ्याले पटते. फक्त मोबाईल थोडा खाली झुकवा, पूरं आभाळ आलं त सगळं धुऊन निघंल. असं केलं त काळा वेगळा उचलाची गरज नाई, पांढरा तेवढा उतरवा. अन नॉइजचं म्हणाल त फ्लेक्सवर नसंल दिसत पण हाच फोटो उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरंल तवा लोक झूम करून पाहतीन.

फ्लेक्सवाला_अमरावती
व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं का तसंबी जेपेग होऊन सगळं एकसारखं चोपडं होते ताई 😄 पण बंद स्क्रीनवाली आयडिया एक नंबर.

सेतूवाला_पांढरकवडा
वा ताई, काका काई म्हणणार नाईत, उद्याच उभं करतो. अजून एक, काकाचा अंगठा स्क्रीनवर येते त्याचं काय? अन बसवल्यावर अ‍ॅपमधले अक्षरं वाचताच येत नाईत.

वर्धेची_ताई
अंगठ्यासाठी स्क्रीनशॉटच्या लेयरले मास्क लावा अन अंगठ्याच्या जागी काळ्या ब्रशनं रंगवा, काळं केलं तेवढा स्क्रीनशॉट लपते, ब्रशची कड जराशी मऊ ठेवा. अंगठ्याची हलकी सावली स्क्रीनवर टाकाले विसरू नका, नाई त अंगठा हवेत तरंगते.

अक्षरांचं असं हाये का तुमच्या फोटोत मोबाईल इत्तासा, स्क्रीनशॉट तेवढ्यात कोंबला का अक्षरं गेलीच. आधी फोटोच मोठा करा, ६ फुटाले इंचामांगं ७२ पिक्सेलच्या हिशोबानं रुंदी ५१८४ पिक्सेल होते, मंग त्याच्यावर मूळ स्क्रीनशॉट बसवा. तरी बारीकच वाटलं त काकाले जवळून घ्या, कंबरेपासून वर. पराटी थोडी कमी दिसंल, दिसू द्या. अन ब्लर हात आखडूनच मारा, पूरं खऱ्यासारखं केलं त उन्हातली स्क्रीन वाचताच येत नाई, मंग फ्लेक्स कायले लावाचा.

पाटसऱ्याचं_वावर
मधात बोलतो राजेहो. स्क्रीनशॉटमधी कोणाचं नाव, गट नंबर, खाते नंबर, मोबाईल नंबर असंल त तो ब्लर करू नका, मोठे आकडे अंदाजानं वाचता येतात. सरळ रंगाचा चौकोन मारून झाका अन त्याच्यावर नमुना म्हणून दुसरं काईतरी लिहा. चौकात लागते ते, येणारा जाणारा प्रत्येक जण वाचते.

सेतूवाला_पांढरकवडा
बरं झालं सांगतलं दादा, त्यात काकाचाच गट नंबर हाये. झाकतो अन उद्या नवा फोटो घेऊन टाकतो इथं.