मदत हवी आहे: टचस्क्रीनला बोट लावताच मुख्य पडद्यावरचे टंकन थांबते

नमस्कार.

माझ्या संगणकावर विंडोज ११ आहे. समोर नेहमीचा मॉनिटर असून त्याच्या खाली मी एक लहान टचस्क्रीन मॉनिटर जोडला आहे. वरच्या पडद्यावर ध्वनिमुद्रण ऐकत लेखी मजकूर टंकत राहावे आणि थांबवणे, मागे नेणे, वेग कमी करणे ही कामे खालच्या पडद्यावरील बटणांनी करावीत, असा माझा हेतू आहे.

जोडणी व्यवस्थित आहे. चित्र एचडीएमआय केबलमधून जाते आणि स्पर्श वेगळ्या यूएसबी केबलमधून संगणकापर्यंत पोहोचतो. सुरुवातीला खाली बोट लावले की क्लिक वरच्या पडद्यावर होत असे. पण कंट्रोल पॅनेलमधील टॅब्लेट पीसी सेटिंग्जमध्ये ‘सेटअप’ निवडून, सूचना वरच्या पडद्यावर असताना एंटर दाबून आणि ती खाली आल्यावर तिथे बोट लावून ते दुरुस्त झाले.

आता उरलेली अडचण अशी की खालचे बटण दाबताच ती खिडकी सक्रिय होते, टंकलेली पुढची अक्षरे मजकुरात उमटत नाहीत आणि माउसचा बाणही खाली जातो. प्रत्येक वेळी वर येऊन पुन्हा क्लिक करावे लागत असेल, तर स्पर्शाचा उपयोगच उरत नाही. टंकनाची जागा न हलवता बटणे दाबता येतील अशी काही सोय आहे का?

प्रतिसाद:

हा दोष आपल्या मॉनिटरचा नाही. विंडोजमध्ये स्पर्श झालेली खिडकी सर्वसाधारणपणे सक्रिय होतेच. मात्र विंडोजचाच पडद्यावरचा कीबोर्ड पाहा: त्याची कळ दाबली तरी अक्षर आधीच्या खिडकीतच उमटते, कारण त्याची खिडकी सक्रिय न होण्याच्या गुणधर्मासह बनवलेली असते. तशीच बटणांची पट्टी ऑटोहॉटकी या मोफत साधनात, म्हणजे छोटी स्क्रिप्ट (सूचनांची यादी) लिहून संगणकाची कामे आपोआप करून घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बनवता येते. पट्टीच्या खिडकीला ‘नो-ॲक्टिव्हेट’ ही विस्तारित शैली (म्हणजे सक्रिय न होण्याचा तोच गुणधर्म) द्यावी आणि प्रत्येक बटणाला आपल्या ध्वनिप्लेअरचा असा शॉर्टकट नेमावा, जो प्लेअर मागे असतानाही चालतो. प्लेअरमध्ये अशा ‘ग्लोबल’ शॉर्टकटची सोय आहे का, हे सर्वात आधी तपासा. ती नसेल तर नुसते असे शॉर्टकट नेमून काम होणार नाही. बाणाची आधीची जागा लक्षात ठेवून तो परत तिथे नेण्याचे कामही त्याच स्क्रिप्टमध्ये करता येते, पण केवळ टंकन करताना त्याची गरज भासू नये.