बंद घराची कौले: शाकारणी करत राहावी की वरून पत्रा घालावा?

परसदार

संगमेश्वर तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर जांभ्याच्या चिऱ्यांचे असून त्यावर मंगलोरी कौले आहेत. छपराखालची जागा साधारण 1000 चौरस फूट भरते आणि पुढे पडवी आहे. शिमगा, मे महिना आणि गणपती एवढे सोडले तर घर बंदच असते. शेजारच्या काकांच्या फणसाची एक मोठी फांदी आमच्या उत्तरेकडच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या त्या बाजूच्या उतारावर, आली आहे. वानरांचा कळप त्या फांदीवरून थेट कौलांवर उतरतो आणि दर वर्षी त्याच भागातली कौले सरकतात किंवा फुटतात. गेल्या पावसाळ्यात माजघराच्या भिंतीवरून पाणी उतरले, आणि त्याच पाख्यातील दोन वाशांना वाळवी लागलेली आता दिसून आली आहे.

गावात कौलांचे काम जाणणारे जे दोघे उरले आहेत, ते वयस्कर आहेत. तरुण मुले मे महिन्यात आंब्याच्या बागांत गुंतलेली असतात. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने लोखंडी सांगाडा उभारून कौलांच्या वरून रंगीत पत्रा घालावा असे सुचवले आहे. काकांचा मात्र त्याला विरोध आहे, कारण आमच्या पागोळ्या आताच त्यांच्या गडग्याच्या, म्हणजे रचीव चिऱ्यांच्या कुंपणाच्या, मुळाशी पडतात आणि पत्रा आला की गडगा ढासळेल अशी त्यांना भीती वाटते. त्यांच्याशी आमचे संबंध चांगले आहेत आणि ते तसेच राहावेत अशी इच्छा आहे. अशा परिस्थितीत काय करणे योग्य ठरेल?

वळचण

पत्र्याचा निर्णय तूर्त बाजूला ठेवा, कारण आपल्या वर्णनावरून छपराचा खरा शत्रू ती फांदी आहे. फांदी तशीच ठेवून पत्रा घातलात तर वानरे पत्र्यावर उड्या मारतील, त्याचा दणका घरात आणि शेजारी दोन्हीकडे ऐकू येईल, आणि स्क्रूखालच्या रबरी चकत्या ढिल्या होऊन तिथून ठिबकू लागेल. फांदी छपरापासून दहा-बारा फूट मागे आली तर बरीचशी वाट बंद होते. झाड काकांचे असल्यामुळे त्यांच्या संमतीने, फणस उतरवून झाल्यावर आणि त्यांच्याच माणसाकडून ती उतरवून घ्यावी. लाकूड अर्थातच त्यांचे.

आता शाकारणीविषयी, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कौलांच्या दुरुस्तीविषयी. पुष्कळ ठिकाणी फक्त फुटके कौल बदलले जाते आणि त्यालाच शाकारणी म्हटले जाते, ते पुरेसे नाही. कौलांच्या खाचांत पालापाचोळा आणि शेवाळ साचले की पाणी अडते आणि न फुटलेल्या कौलाच्या सांध्यातूनही आत येते. म्हणून निदान झाडाखालचे पाखे पूर्ण उतरवून, प्रत्येक कौल काथ्याने घासून आणि बोटाने वाजवून पाहून परत बसवावे. पक्के कौल खणखणीत वाजते, बारीक तडा गेलेले बद्द आवाज देते. एका ब्रासला, म्हणजे 100 चौरस फुटांना, साधारण 140 ते 150 कौले लागतात, यावरून एका पाख्याचा हिशेब आपल्याला आधीच करता येईल.

नवी कौले घेताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. मंगलोरमध्ये बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर त्या किनाऱ्यावर असे अनेक कारखाने निघाले, आणि प्रत्येकाचा साचा थोडा थोडा वेगळा राहिला. दोन साच्यांची कौले शेजारी शेजारी बसवली तर खाच खाचेत नीट बसत नाही आणि पहिल्या वाऱ्यासरशी पावसाचे पाणी आत झिरपते. त्यामुळे दोन्ही पाख्यांवरची चांगली जुनी कौले एका पाख्यावर एकत्र करावीत आणि दुसऱ्या पाख्यावर सगळी एकाच शिक्क्याची नवी चढवावीत. उरलेली जुनी कौले पडवीच्या भिंतीशी कडेवर उभी रचून ठेवावीत. आडवी थप्पी लावली की खालची कौले भाराने फुटतात.

रिपांमधले, म्हणजे कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधले, अंतर साडेबारा इंचांच्या आसपास एकसारखे आहे ना, हेही त्याच वेळी दोरी लावून पाहून घ्यावे, कारण वाळवीने वासा खचला की रिपा झुकतात आणि मग कितीही चांगले कौल घातले तरी ते जागेवर राहत नाही. वाळवीचे म्हणाल, तर पूर्वी चुलीचा धूर रोज आढ्यापर्यंत जात असे आणि लाकूड राखले जात असे. बंद घराला तो धूर मिळत नाही. खराब झालेले वासे बदलाच, आणि उरलेल्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावून घ्या. त्या तेलाने कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालूनच काम करावे.

बेडे

वरील सर्व मान्य आहे, परंतु पत्र्याला सरसकट नाकारण्याचे कारण नाही. आमच्या मंडणगडच्या घरावर आम्ही कौलांच्या वर दीड फूट मोकळी जागा सोडून पत्रा घातला आहे. मधून हवा खेळत असल्यामुळे उन्हाळ्यात घर तापत नाही, आणि कौले पावसापासून सुटल्याने त्यांच्यावर शेवाळ येत नाही. जे लोक कौले उतरवून थेट वाशांवर पत्रा ठोकतात त्यांच्या घरात मात्र दुपारी बसवत नाही, हे मी पाहिलेले आहे.

अडचण वाऱ्याची आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले तेव्हा रायगडाबरोबर आमच्या आणि दापोली तालुक्यातही छपरांची दैना झाली. कौले फुटली, पण पत्र्यांची गोष्ट निराळी होती: ज्यांचे सांगाडे नुसते भिंतीवर टेकवलेले होते त्यांचे पत्रे सांगाड्यासकट उचलले जाऊन दुसऱ्यांच्या आवारात पडले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याच्या बाहेरून उत्तरेकडे सरकले, तेव्हाही ढिले पत्रे उडाले. म्हणून पत्रा घालायचाच असेल तर खांब जमिनीत काँक्रीटमध्ये रोवलेले हवेत, कडेच्या ओळीत स्क्रू दाट हवेत, आणि पत्रा भिंतीबाहेर दीड-दोन फुटांपेक्षा अधिक काढू नये. कारागीर दर चौरस फुटावर भाव लावतो, त्यामुळे बाहेर काढलेल्या प्रत्येक फुटाचे त्याला पैसे मिळतात, हेही लक्षात असू द्यावे.

परसदार

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फांदीविषयी काकांशी फोनवर बोलणे झाले आणि ते तयार आहेत, मात्र पागोळ्यांचा निकाल लावा, हे त्यांचे म्हणणे कायम आहे. आमच्या आजोबांच्या काळापासून पाणी तिथेच पडत आले असल्यामुळे तो आमचा हक्कच आहे, असे घरातील काहींचे मत आहे. ते कितपत बरोबर आहे?

पाखाडी

अर्धे बरोबर आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार, 20 वर्षे उघडपणे, शांततेने आणि विनाखंड चालत आलेल्या वहिवाटीतून दुसऱ्याच्या जमिनीवर असा हक्क निर्माण होऊ शकतो. परंतु त्या हक्काचा भार आपल्या मर्जीने वाढवता येत नाही. कौलांवरून ठिबकत पडणारे पाणी वेगळे आणि पत्र्याच्या नाळ्यांतून धार बांधून दूर फेकले जाणारे पाणी वेगळे. काकांची तक्रार नेमकी या दुसऱ्या पाण्याबद्दल आहे आणि ती रास्त आहे. शिवाय पागोळीखालची पट्टी आपल्या हद्दीत येते की त्यांच्या, हे मोजणीच्या नकाशावर पाहिल्याशिवाय हक्काची भाषा करण्यात अर्थ नाही. अशा गोष्टी तहसिलात नेल्या की पुढच्या पिढीपर्यंत गडग्याच्या बेड्यातून (फाटकातून) जाणे-येणे बंद होते.

गडग्याचे गणित मांडून पाहा. आपल्या भागात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. 1000 चौरस फुटांच्या छपरावर त्याचे पावणेतीन लाख लिटरांहून अधिक पाणी होते, आणि त्यातले निम्मे एका बाजूला पडते. चुना-सिमेंटाशिवाय नुसता चिऱ्यावर चिरा रचलेला गडगा एवढे पाणी मुळाशी पडत असताना उभा राहिला आहे, याचेच कौतुक करावे. कौले ठेवा किंवा पत्रा घाला, त्या बाजूला पन्हळ बसवणे आवश्यकच आहे. पन्हळ सहा इंचांहून अरुंद नको, कारण आषाढातल्या सरीला अरुंद पन्हळ भरून वाहते. तिला विहिरीच्या किंवा वहाळाच्या दिशेने उतार द्यावा आणि तोंडाशी जाळी बसवावी. पन्हळीचे पाणी विहिरीत सोडणार असाल तर पहिल्या काही सरींचे पाणी बाहेर जाऊ द्यावे, म्हणजे छपरावरची घाण विहिरीत उतरणार नाही. जाळी आठवड्यातून एकदा साफ करावी लागते, आणि ते काम मुंबईत बसून होत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पन्हळीचा खर्च आपण करावा, गडग्याचे निसटलेले चिरे आपल्या गवंड्याकडून परत बसवून द्यावेत, आणि पावसाळ्यात जाळी काढण्याचे तसेच पहिल्या मोठ्या पावसानंतर घर उघडून माजघरातून वर नजर टाकण्याचे काम काकांच्या घरातील एखाद्या मुलाला रीतसर मोबदला देऊन सोपवावे. फुकट सांगू नये. फुकटचे काम भीडेखातर एक-दोन पावसाळे होते, नंतर किल्ली खुंटीवरच राहते. दिवसा अंधार करून वर पाहिले की सरकलेल्या कौलाच्या जागी उजेडाचा कवडसा दिसतो. तेवढे कौल आतूनच काठीने सरळ करता येते, छपरावर चढावे लागत नाही.

शाकारणीसाठी त्या दोन वयस्कर कारागिरांना शिमग्यातच गाठून तारीख पक्की करावी. मे महिना उजाडल्यावर शोधायला निघालात तर माणूस मिळत नाही, आणि फार लवकर, म्हणजे माघातच काम उरकलेत, तर फांदी तोडलेली असली तरी मृगापर्यंत वानरे पुन्हा काही कौले हलवतीलच. वैशाखाचा दुसरा पंधरवडा बरा. त्यांच्या हाताखाली गावातील दोन तरुण मुले मजुरीने द्यावीत, म्हणजे वर चढण्याचे काम मुलांचे आणि कौल बसवण्याची नजर म्हाताऱ्यांची.

वळचण

एक राहिले. कोने, म्हणजे आढ्यावरची कौले, सिमेंटमध्ये घट्ट बसवण्याचा आग्रह कारागीर धरतील. मालात चुना अधिक आणि सिमेंट कमी ठेवायला सांगावे. निव्वळ सिमेंट उन्हाने तडकते आणि पुढे कोना बदलताना खालची दोन कौलेही सोबत फुटतात.