व्यायाम नेमाने चालू, वजनकाटा मात्र हलायला तयार नाही. काय तपासू?

नमस्कार मंडळी,

वय ४४, काम बैठं. गेले काही महिने आठवड्यातले पाच दिवस पाऊण तास भरभर चालते, शिवाय दोन दिवस वजनं उचलते. जिने चढताना पूर्वीसारखा दम लागत नाही, झोपही छान लागते. त्यामुळे फायदा झालाच नाही असं म्हणवत नाही. पण वजन? सुरुवातीला दोन किलो झटक्यात उतरलं आणि मग तिथेच ठाण मांडून बसलंय. अर्धा किलो खाली, की दोन दिवसांत परत वर.

तळलेलं आणि गोड जवळजवळ बंद आहे. मोजूनमापून मात्र खात नाही. मनगटावरचं घड्याळ रोजच्या चालण्याला ३५० कॅलरी दाखवतं. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. त्या हिशेबाने नुसत्या चालण्याने महिन्याला किलोभर तरी जायला हवं होतं. जातंय कुठे सगळं?

घरचे म्हणतात, वय झालं, चयापचय मंदावणारच. मैत्रीण म्हणते थायरॉइड बघ. जिममधल्या ट्रेनरचं म्हणणं, चरबी जाऊन स्नायू वाढतायत. आधी कशाच्या मागे लागू? रक्ततपासणी, खाणं मोजणं, की व्यायाम वाढवणं? पावडरी आणि कडक उपास कृपया सुचवू नका.

प्रतिसाद:
घड्याळाचा आकडा सढळ असतो. ७० किलोच्या माणसाला पाऊण तास भरभर चालून सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी लागतात. त्यातल्या पन्नासेक तर तो खुर्चीत बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. म्हणजे तुमचा महिन्याचा किलो इथेच अर्ध्यावर आला.

उरलेल्या अर्ध्यातलंही शरीर थोडं परत घेतं. सकाळी व्यायाम झाला की दिवसभर आपण नकळत कमी हलतो, भूकही थोडी वाढते. हर्मन पॉन्ट्झर या संशोधकाने टांझानियातल्या हाडझा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला होता (२०१२). शिकार करणारी, कंदमुळं खणणारी, दिवसभर पायी फिरणारी माणसं ती. पण शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर त्यांचा एकूण खर्च शहरी पाश्चात्त्य माणसांइतकाच निघाला! तेव्हा व्यायाम वाढवणं माझ्या यादीत शेवटी. आहे तो सोडू मात्र नका, वजन उतरताना स्नायू टिकवायला वजनं उचलणं हवंच.

वयाचं म्हणाल तर त्याच पॉन्ट्झरांच्या गटाच्या २०२१ च्या अभ्यासात विशी ते साठी चयापचय जवळपास स्थिर दिसलं. घरच्यांना सांगा.

माझा कौल खाणं मोजण्याला. १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. 'आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही' म्हणणारी मंडळी प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणं सांगत होती. त्यांचं चयापचय ठाकठीक होतं. कोणी लबाडी करतं असं नाही हो, अंदाजच तसा चुकतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, तुमचं निम्म्याहून जास्त चालणं त्यात गेलं. दोन आठवडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं तोला. तेल, सुका मेवा, चव बघताना तोंडात टाकलेलं, सुट्टीच्या दिवशीचं, सगळं.

दुसरा प्रतिसाद:
वरच्याशी सहमत, पण टीएसएच करून घ्याच, थायरॉइडची साधी रक्ततपासणी आहे. त्यात दोष निघाला तरी थायरॉइडमुळे वाढणारं वजन सहसा थोडंच असतं, आणि त्यातही मीठ-पाण्याचा वाटा मोठा. पाळी अनियमित आहे का? स्टेरॉइड, इन्सुलिन, नैराश्यावरची किंवा फिटवरची काही औषधं चालू आहेत का? यातल्या काहींनी वजन वाढतं. असेल तर डॉक्टरांशी बोला, परस्पर बंद करू नका.

आणि सुरुवातीचे ते दोन किलो बरेचसे पाणी असणार. शरीरात साठवलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साखरेचा साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की ते आधी जातं. अर्ध्या किलोची वर-खालीही त्यातलीच. रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी बघा.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. पाळी वर्षभर मागेपुढे होतेय, ते डॉक्टरांना सांगते. काटा उद्याच आणते. स्नायूंचं ते खरं की नुसता दिलासा?

दुसरा प्रतिसाद:
नवशिक्याचे स्नायू वाढतात, पण सावकाश. टेप लावून बघा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. वजन तेच राहून कंबर कमी होत असेल तर ट्रेनर बरोबर. दोन्ही जागच्या जागी असतील तर काट्यावरच्या तेलाकडे बघा.