ज्योत-परीक्षेत प्रत्येक क्षार पिवळाच का दिसतो?

प्रश्न: इंदूरची_आई

माझी मुलगी येथे इंदूरमध्ये अकरावीत शिकते. गेल्या आठवड्यात त्यांच्या शाळेत ज्योत-परीक्षेचा प्रयोग झाला. नायक्रोमच्या तारेच्या टोकावर क्षार घेऊन तो बर्नरच्या ज्योतीत धरायचा आणि रंगावरून धातू ओळखायचा, एवढाच तो प्रयोग. मोरचुदाने, म्हणजे तांब्याच्या क्षाराने, हिरवा रंग दिला, पण त्याच्या काठाला पिवळी झाक होती. कॅल्शियम क्लोराइडचा रंग विटकरी दिसायला हवा होता, तो नारिंगी-पिवळा दिसला. आणि पोटॅशियम क्लोराइडने, पुस्तकात फिकट जांभळा रंग दिलेला असूनही, निव्वळ पिवळी ज्योत दिली. चाळीस मुलांना मिळून दोन तारा होत्या आणि त्या बुचकळायला आम्लाची वॉच ग्लासही (काचेची उथळ वाटी) एकच होती. वहीत मात्र तिने, सर्वांनी लिहिले म्हणून, 'जांभळा' असेच लिहिले, आणि मला खटकले ते हे. चूक नेमकी कोठे झाली असावी?

दुसरी अडचण भाषेची आहे. वर्गात सर हिंदीतून समजावतात. घरी तिचे आजोबा, जे महाराष्ट्रात शिकले, मराठीतून समजावतात, आणि दोघांचे ऐकून ती अधिकच गोंधळते.

उत्तर १: निवृत्त_प्रयोगशाळा_सहायक

ताई, आपण लिहिलेल्या वर्णनातच उत्तर आहे. तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीत धरतात ती स्वच्छ करण्यासाठी, आणि ज्योतीला काहीही रंग येईनासा होईपर्यंत हे पुन्हापुन्हा करावे लागते. एकाच वॉच ग्लासमध्ये चाळीस जणांनी तार बुडवली, तर दहाव्या मुलापर्यंत त्या आम्लात सोडियम, कॅल्शियम, तांबे असे सर्व काही उतरलेले असते. मग तार धुतली जात नाही, उलट माखली जाते. प्रत्येक क्षारासाठी थोडे ताजे आम्ल वेगळे घ्यावे आणि वापरलेले पुन्हा बाटलीत ओतू नये. आम्ल वापरण्याचे दुसरेही कारण आहे: धातूंची क्लोराइडे सहज बाष्परूप होतात, त्यामुळे रंग ठळक येतो.

तारेच्या टोकाला बोट लावू नये, कारण घामात मीठ असते. आणि आपल्या इंदुरात मधल्या सुटीत शेव खाऊन आलेल्या बोटांबद्दल तर बोलायलाच नको. तार ज्या काचकांडीत बसवलेली असते ती काचही ज्योतीत जाऊ देऊ नये, कारण साध्या काचेत सोडियम असते आणि तापली की तीच पिवळी ज्योत देते. बर्नरची हवेची झडप पूर्ण उघडी हवी. ती बंद असेल तर काजळीचे कण तापून ज्योत मुळातच पिवळी असते. हे सर्व शाळेत, चष्मा लावून आणि खिडक्या उघड्या ठेवून करावे. घरी संहत आम्ल आणू नये.

उत्तर २: रसायन_शिक्षक

तंत्राविषयी वर योग्यच लिहिले आहे. तरीही एक प्रश्न उरतो: मळ सर्वच धातूंचा असताना वरचढ सोडियमच का होतो? भाताचे मीठ घातलेले पाणी उतू जाऊन गॅसवर सांडले की निळी ज्योत क्षणात पिवळी होते, हे आपण रोज पाहता. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे मांडलेले असतात. शेवटच्या कवचातल्या एकट्या इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर जायला सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा लागते, आणि तेवढी ज्योतीतून सहज मिळते. तो परत खाली येताना तीच ऊर्जा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. आपल्या डोळ्याची संवेदनक्षमता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, म्हणजे सोडियमचा प्रकाश डोळ्याला उत्तम दिसतो. पोटॅशियमच्या ठळक रेषा (वर्णपटात ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश रेषेसारखा दिसतो) मात्र ७६६ आणि ७७० नॅनोमीटरवर, दृश्य प्रकाशाच्या अगदी कडेला आहेत, आणि ४०४ जवळची जांभळी रेषा क्षीण आहे. पोटॅशियम प्रकाश देत नाही असे नाही. आपल्याला तो कमी दिसतो. कोबाल्टची निळी काच डोळ्यांसमोर धरली की ती पिवळा प्रकाश शोषून घेते आणि मागचा जांभळट-लाल रंग दिसू लागतो. सोडियम किती हटवादी आहे याची साक्ष बुन्सेन आणि किर्चहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० मध्येच दिली आहे: त्यांनी ६० घनमीटरच्या खोलीत, ज्योतीचा वर्णपट पाहण्याच्या उपकरणापासून दूरच्या कोपऱ्यात, ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेटचा स्फोट केला, आणि काही मिनिटांत ज्योतीत सोडियमची रेषा उमटली. याच पद्धतीने त्यांना १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही नवी मूलद्रव्ये सापडली.

परीक्षेत मुले दोन चुका हमखास करतात. 'क्षार जळतो म्हणून रंग येतो' ही पहिली. येथे क्षार जळत नाही, तो तापून बाष्प होतो. 'इलेक्ट्रॉन वर उडी मारतो तेव्हा प्रकाश मिळतो' ही दुसरी. वर जाताना तो ऊर्जा घेतो, देतो ती खाली येताना. नील्स बोर या शास्त्रज्ञाचे अणूचे १९१३ चे प्रारूप हायड्रोजनच्या रेषा नेमक्या सांगते, सोडियमच्या जवळजवळच्या दोन रेषांचे कारण मात्र त्यातून मिळत नाही.

उत्तर ३: दोन_भाषांचा_विद्यार्थी

भाषेची अडचण खरी आहे, आणि ती केवळ आपल्या घरची नाही. हिंदीत 'परमाणु' म्हणजे मराठीतला 'अणू', आणि हिंदीतला 'अणु' म्हणजे मराठीतला 'रेणू'. आजोबा 'अणूतून प्रकाश येतो' म्हणतात, तेव्हा आपली मुलगी कदाचित रेणू समजत असेल. 'क्षार' या शब्दाने तर आणखीच घोटाळा होतो: मराठीत तो मीठ या वर्गासाठी आहे, ज्याला हिंदी पुस्तके 'लवण' म्हणतात, तर हिंदीत 'क्षार' म्हणजे आपला आम्लारी. या प्रश्नाच्या शीर्षकातला 'क्षार' शब्द हिंदी पुस्तक वाचणाऱ्याला चुकीच्या दिशेने नेईल! वहीच्या मागच्या पानावर हे तीन शब्द समोरासमोर लिहून ठेवावेत.

मात्र या गोंधळात एक गंमत आहे. सोडियम, पोटॅशियमचा प्रकाश अणूंतून येतो हे वर सांगितलेच आहे. पण कॅल्शियमचा विटकरी रंग बव्हंशी ज्योतीतच तयार होणाऱ्या कॅल्शियम मोनोहायड्रॉक्साइडसारख्या (CaOH) अल्पजीवी रेणूंतून येतो, आणि तांब्याच्या हिरव्यातही रेणूंचा वाटा असतो. तेव्हा तेथे रेणू म्हटले तरी चूक नाही.

प्रतिसाद: इंदूरची_आई

सर्वांची आभारी आहे. मुलीने सरांना विचारून शनिवारी प्रयोग पुन्हा केला. तारेचा नवा तुकडा घेतला आणि ताजे आम्ल वेगळ्या वाटीत. पोटॅशियमची ज्योत निळ्या काचेतून क्षणभर जांभळट-लाल दिसली, काच काढली की पुन्हा पिवळी. तिने पहिला 'जांभळा' खोडून दोन्ही निरीक्षणे लिहिली आणि पिवळ्या रंगासमोर कंसात 'सोडियमचा मळ' अशी नोंद केली. आता घरी आजोबा 'अणू' म्हणाले की ती मध्येच विचारते, 'हिंदीतला की मराठीतला?'