रशियन ‘झाकूसिवात्’ला मराठीत काय म्हणाल? चखणा नको वाटतंय

शेवंती: मंडळी, एका शब्दावर तीन दिवस अडलेय. आमचा रशियन शिकणाऱ्यांचा छोटा गट आहे, जुन्या सिनेमांना मराठी सबटायटल करतो, सध्या १९५९ चा ‘सुद्बा चेलोवेका’ चालू आहे, शोलोखवच्या कथेवरचा, बोंदारचूकने केलेला आणि मुख्य कामही त्याचंच. सकालोव साधा ट्रक ड्रायव्हर, युद्धकैदी, महिनोन् महिने उपाशी. छावणीचा अधिकारी म्युलर त्याला गोळी घालायच्या आधी बोलावतो, पेला भरून देतो, सोबत पाव आणि डुकराची चरबी. हा पेला रिकामा करतो, पावाला हात लावत नाही, आणि म्हणतो, पहिल्यानंतर मी ‘झाकूसिवायु’ करत नाही. दुसऱ्या पेल्यानंतरही तेच. झाकूस्का म्हणजे दारूवर खायचं ते, आणि हे त्याचं क्रियापद. मी लिहिलं ‘पहिल्या पेल्याला मी चखणा घेत नाही’. गटात दाखवलं तर हशा पिकला. त्या सीनला कुणी हसता कामा नये हो. दुसरा शब्द सुचवा.

तळटीप: चखणा मुळात हिंदी चखना, आपलं क्रियापद ‘चाखणे’. आणि लोक सर्रास ‘चकणा’ लिहितात, तो तिरळा झाला! मला विचाराल तर संस्कृतात यासाठी अगदी नेमका शब्द आहे, ‘उपदंश’. मद्यासोबत तोंडात टाकायचा पदार्थ. उप + दंश, म्हणजे सोबतचा चावा. आणि रशियनमध्ये ‘कुसात्’ म्हणजे चावणंच ना? दोन्ही भाषांनी एकच कल्पना केलीय, हे मला फार सुंदर वाटतं.

पाटपाणी: तळटीप, व्युत्पत्ती छान आहे, पण मराठीत उपदंश म्हणजे गुप्तरोग. पडद्यावर ‘मी उपदंश घेत नाही’ आलं तर काय होईल याचा विचार करा. शब्दाचा आजचा अर्थ बोलणाऱ्यांच्या तोंडात असतो, कोशात नाही.

तळटीप: म्हणजे चांगला शब्द एका रोगाने बळकावला तर तो आपण सोडूनच द्यायचा? असं करत करतच आपण प्रत्येक गोष्टीला हिंदीकडून उसनं आणतो आणि मग मराठीत शब्दच नाहीत म्हणून रडतो.

मालवणकट्टा: आमच्याकडे ‘तोंडाक काय आसा’ विचारतात. घाटावर तोंडीलावणं. तेच वापरा की.

शेवंती: तोंडीलावणं भाकरीबरोबर, भाताबरोबर ना? म्हणजे मुख्य पदार्थ जेवणाचा आणि हे बाजूचं. इथे मुख्य दारू आहे. शिवाय त्याच्यासमोरचा पाव म्हणजे त्याचा जीव आहे, त्याला तोंडीलावणं म्हटलं की चटणी-लोणचं डोळ्यासमोर येतं. नंतर तिसऱ्या पेल्यावर तो पावाचा इतकासा घास घेतो, म्युलर त्याला जिवंत सोडतो आणि वर एक छोटा पाव आणि चरबीचा तुकडा देतो. हा बराकीत नेऊन सगळ्यांत सारखा वाटतो. कथेत लिहिलंय की पाव प्रत्येकाला काडेपेटीएवढा आला. मी तो उतारा वाचला की दर वेळी थांबते.

आजोळ: शब्द कशाला शोधताय, ‘वर’ आहे की. लहानपणी ताप आला की आजी काडेचिराईताचा काढा द्यायची आणि लगेच म्हणायची, त्यावर हा गुळाचा खडा खा. औषधावर साखर, तिखटावर पाणी. मराठीत हे सगळं काम ‘वर’ करतं. ‘पहिल्या पेल्यावर मी काही खात नसतो.’ खात नाही असं नको, खात नसतो. त्या ‘नसतो’मध्ये माणसाचा ताठा येतो बघा, ही माझी रीत आहे, तू मला उपाशी समजू नकोस.

पाटपाणी: आजोळ, हे खरंच चांगलं आहे. सबटायटलच्या एका ओळीतही बसतं.

तळटीप: वाक्य चांगलं आहे, मान्य. पण झाकूस्का हा एक शब्द आहे, संस्था आहे त्यांची. खारवलेली काकडी, हेरिंग मासा, काळा पाव, नुसता पाव हुंगतातसुद्धा घोटानंतर. ‘वर काही खाणं’ म्हटलं की हे सगळं पुसलं जातं. पुढच्या सिनेमात नाम म्हणून आलं की काय करणार?

मालवणकट्टा: नाम आलं तर झाकूस्काच ठेवा. आणि शेवंती, पुढचा कुठला घेताय? ‘बेलोये सोन्त्से पुस्तीनी’ घ्या, १९७० चा. कास्पियनच्या काठावरचा तो कस्टमवाला व्हेरेशागिन, बायको रोज वाडगाभर काळी इक्रा, म्हणजे माशाची अंडी, समोर ठेवते आणि हा वैतागतो, रोज रोज ही मेली नाही खाववत, पाव तरी मिळवायचास! मी एके ठिकाणी त्याचं भाषांतर ‘कॅव्हियार’ केलेलं पाहिलं आणि जीव हळहळला. गाभोळी म्हणा की! गाभ, गाभण, गाभोळी, सगळं गर्भावरून आलेलं, स्वच्छ शब्द आहे.

पाटपाणी: गाभोळी म्हटलं की मला रवा लावून तव्यावर तळलेली दिसते. वाडग्यातली काळी, खारवलेली, चमच्याने खायची वस्तू वेगळी. कॅव्हियार लोकांना माहीत आहे.

मालवणकट्टा: चित्र पडद्यावर दिसतंच आहे ना, मग शब्दाने पुन्हा चित्र कशाला काढायचं? कॅव्हियार म्हटलं की पंचतारांकित हॉटेल येतं. रशियन माणूस कुठल्याही माशाच्या अंड्यांना इक्राच म्हणतो, शब्दात श्रीमंती नाही. व्हेरेशागिनच्या घरी ती रोजची आहे, पाव दुर्मिळ आहे, सगळी गंमत तीच. आमच्या आईने ताटात सलग चार दिवस गाभोळी वाढली तर आम्हीही हेच म्हटलं असतं.

खानदेशकर: मग गायदाईच्या १९७३ च्या सिनेमाचं काय कराल? ‘इवान वासिल्येविच’. झारच्या पंगतीत काळी इक्रा, लाल इक्रा, आणि शेवटी मोठ्या मानाने ‘समुद्रापलीकडची इक्रा, वांग्याची!’ त्यांच्याकडे वांगं परतून, कांदा-टोमॅटो घालून जे करतात त्यालाही इक्राच म्हणतात, दुकानात बरण्यांतून मिळणारी साधी वस्तू. आता ‘वांग्याची गाभोळी’ कोणाला कळणार?

आजोळ: भरीत!

खानदेशकर: तेच म्हणतोय मी. ‘सातासमुद्रापारचं वांग्याचं भरीत’. घरचं साधं भरीत झारच्या ताटात मानाचं पान झालं, विनोद पूर्ण शाबूत. इक्रा शब्द दोनदा येण्याची मजा गेली तर जाऊ द्या. फक्त एक, आमचं भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजतात, हिरव्या पांढऱ्या लांब वांग्यांचं, त्यात टोमॅटो घालणाऱ्याला आम्ही भरीत म्हणूच देत नाही.

पाटपाणी: पुण्यात दही घालतात.

खानदेशकर: ते वांग्याचं रायतं.

तळटीप: भरीत हे ‘भरणे’वरून की ‘भर्जित’वरून, यावर माझं स्पष्ट मत आहे. भर्जित, म्हणजे भाजलेलं. वांगं भाजल्याशिवाय भरीत नाही. तेव्हा परतलेल्या इक्रेला भरीत म्हणणं चूक.

मालवणकट्टा: काकडीचं भरीत भाजून करता का?

शेवंती: सगळ्यांचे आभार, पण मला रविवारी फाइल द्यायची आहे. ‘पहिल्या पेल्यावर मी काही खात नसतो’ हे ठेवू का? की ‘पहिल्यावर’ इतकंच पुरे? रशियनमध्येही ‘पेला’ शब्द नाहीच, नुसतं ‘पहिल्यानंतर’ आहे.

आजोळ: ‘पहिल्यावर’ पुरे. पेला हातातच आहे त्याच्या.

तळटीप: जाता जाता, इक्राचा आणखी एक अर्थ, पायाची पोटरी. कोशात वेगळा शब्द म्हणून देतात. पण आपल्याकडेही बघा, पायाची पोटरी आणि ज्वारी पोटरीत येते ती पोटरी, कणीस बाहेर पडायच्या आधीची, दाणे आत फुगलेले. तिकडे अंडी, इकडे दाणे.

खानदेशकर: आमच्याकडे ‘पोटऱ्यात आली’ म्हणतात.

मालवणकट्टा: काकडीच्या भरताचं उत्तर अजून आलं नाही.