ब्लाइबराच्या देवदूतांवर गोळ्या कुणी झाडल्या?

इप्सविचकर
काल कुणीतरी इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या ब्लाइबराच्या होली ट्रिनिटी चर्चचे फोटो टाकले आणि खाली ठोकून दिलं, 'छतावरच्या लाकडी देवदूतांवर क्रॉमवेलच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या.' क्रॉमवेल म्हणजे सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढलेला प्युरिटन, म्हणजे चर्चमधल्या मूर्ती-चित्रांना विरोध करणाऱ्या कडव्या पंथाचा सेनानी. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. लाकडात रुतलेले ते शिशाचे छर्रे अठराव्या शतकातले निघाले. 1761 सालच्या चर्चच्या हिशेबात जॅकडॉ मारण्यासाठी पैसे दिल्याची नोंद आहे. जॅकडॉ म्हणजे कावळ्याचं धाकटं भावंड. थोडक्यात, कावळे हाकलताना देवदूत जखमी झाले. सैनिक कसले आलेत!

पुणेरी_नॉरिचात
आणि चर्चमधल्या मूर्ती-चित्रं फोडायला नेमलेला तो प्युरिटन विल्यम डाउसिंग कोण मग, तुमचा मामेभाऊ? 9 एप्रिल 1644 ला तो इथे आला, वीस देवदूत उतरवा म्हणाला, मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना मागणारे कोरीव लेख फोडले. हे त्यानेच स्वतःच्या वहीत लिहून ठेवलंय. प्युरिटनांना एवढं धुतल्या तांदळासारखं करू नका.

इप्सविचकर
उतरवा म्हणाला, उतरवले कुणी? देवदूत आजही वरच आहेत, अंगावरच्या जुन्या रंगासकट. छत इतकं उंच की बघताना मान अवघडते. शिडी कोण लावणार, मजुरी कोण देणार? माझ्या मते गावाने 'हो साहेब' म्हटलं आणि विषय संपवला.

केंटचा_मालवणी
छर्रे ऱ्हवांदे. 4 ऑगस्ट 1577 च्या वादळात शिखर छत फोडून आत पडलं, माणसं मेली, त्याचं काय? त्या वादळात एक सैतानी काळा कुत्रा आत घुसला अशी दंतकथा आहे, उत्तरेच्या दारावर त्याच्या नखांचे म्हणतात ते डाग अजून आहेत. माझ्या मुलाने त्यात बोट घातलं आणि रात्रभर दिवा विझवू दिला नाही.

पुणेरी_नॉरिचात
मेणबत्तीचे चटके असतील. मुलाला सांगा.

चुनावाला
तुम्ही चारशे वर्षांपूर्वीचं उगाळत बसा. 1881 मध्ये हे चर्च धोकादायक म्हणून बंद करावं लागलं. दुरुस्ती कशी करायची यावर कलाकार-लेखक विल्यम मॉरिसच्या, जुन्या इमारती जपणाऱ्या संस्थेने, 1877 मध्ये स्थापन झालेल्या, केवढा वाद घातला! आहे ते सांभाळा, नवं करून जुन्याचा आव आणू नका, एवढंच म्हणणं होतं. आमच्या गावच्या चर्चमध्ये हे कुणी ऐकलं नाही. चुना खरवडून आतून सिमेंट थापलं. गारगोटीच्या भिंतीत ओल कोंडली आणि प्लास्टर पापडासारखं सुटलं. दर शनिवारी झाडू मारतो तो मी.

पुणेरी_नॉरिचात
मॉरिससाहेबांना जुनेपणाचा पुळका, गळक्या छताखाली बसायचं गावकऱ्यांनी. सोपं आहे.

चुनावाला
तुम्ही कधी चर्चमध्ये बादली ठेवलीय? मी ठेवलीय, थेट वेदीच्या पायरीवर. आमच्या छताचं शिसं चोरीला गेलं त्या हिवाळ्यात दोन बादल्या, एक पातेलं. पुळका म्हणे!

इप्सविचकर
अहो, धागा छर्र्यांचा आहे.

चुनावाला
छर्रे शिशाचे, छत शिशाचं. विषयातच आहे मी.

केंटचा_मालवणी
😂 कुत्रो मात्र खरो.

पुणेरी_नॉरिचात
बरं बाबा, छर्रे कावळ्यांसाठी, मान्य. मोठा शोध लावलात. पण लेख डाउसिंगनेच फोडले, ते तुम्ही सोयीस्कर गिळताय.

इप्सविचकर
फोडले. कधी नाही म्हणालो?

पुणेरी_नॉरिचात
तिथल्या एका बाकाच्या टोकाला आळस कोरलाय, अंथरुणात पडलेला. पुढच्या खेपेला त्याच्याशेजारी बसतो, वाद तुम्ही घाला.